बाइंडरमामांचा शिवलेला अर्ज

"खळ वाळल्याशिवाय पान उलटू नये."

बाइंडरमामांचं हे वाक्य गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. नवराबायकोचं वाजलं, तर खळ वाळू द्या, मग बोला. कुणाचं लग्न ठरता ठरता फिसकटलं, तरी खळ वाळू द्या. मामांच्या दवाखान्यात औषध एकच. ऐकणारा आधी चिडायचा, दोन दिवसांनी गुमान मान डोलवायचा.

मामा पुस्तकं बांधायचे. दुकान म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. आत पाऊल टाकलं की आधी खळीचा आंबूस वास यायचा, मग पुठ्ठ्याचा, आणि सगळ्यात शेवटी जुन्या कागदाचा. भिंतीला टेकून लोखंडी दाबयंत्र उभं होतं. त्याच्या चाकाला इतकी वर्षं हात लागले होते की त्यात तोंड बघून भांग पाडावा. उमेदवारीच्या दिवसांत मामांचा डावा अंगठा कागद कापायच्या पात्याखाली सापडला होता. तो जुळला, पण वाकडा जुळला. तेव्हापासून शिवणीसाठी टोच्याने पाच भोकं पाडताना त्यांचं चौथं भोक तांदळाच्या दाण्याएवढं खाली सरकायचं. काही वर्षं त्यांनी ते सुधारायचा हट्ट केला, मग नाद सोडला. म्हणायचे, "पुस्तक सुटत नाही ना? मग झालं. शिवण काही कुणी बघायला येत नाही."

बेचाळीस वर्षांचे होईतो मामा एकटेच राहिले. "साऱ्या गल्लीचा मामा आणि बाप कुणाचाच नाही," असं लोक तोंडावर म्हणायचे आणि मामाही हसायचे. मग एक दिवस लांब पल्ल्याच्या बसवरची कंडक्टरीण फाटलेली नोंदवही शिवून घ्यायला दुकानात आली. वही दोन दिवसांत झाली, ती मात्र येत राहिली. तिच्या बोटाला चार वर्षांची मुलगी होती. मुलगी दीड वर्षाची असताना तिचा जन्मदाता बोटीवर कामाला लागला होता आणि वर्षातून एकदा दिसायचा, मग तेही थांबलं, काडीमोड झाला. मामांनी आणि कंडक्टरणीने चार माणसांच्या साक्षीने नोंदणी करून लग्न केलं.

नव्या घरात आई मामांना "अहो" म्हणायची. मुलीला वाटलं, हेच यांचं नाव. तीही "अहो" म्हणायला लागली. "अहो, मला पाणी द्या." "अहो, माझी वेणी घाला." शेजारपाजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कुणी शिकवायला गेलं तर मामाच म्हणायचे, "राहू द्या. मला आवडतं." आणि तेच राहिलं.

मुलगी अकरा वर्षांची झाली आणि एका दुपारी सायकलवरून पडली. कोपराखाली हात असा वाकला की बघवेना. मामांनी तिला दोन्ही हातांवर उचलून दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, भूल देऊन हाड बसवावं लागेल, सही करा. मामांनी पेन घेतलं.

"नातं?" टेबलामागच्या माणसाने विचारलं.

"मुलगी माझी."

त्याने कागद चाळला. "इथे वडिलांचं नाव वेगळं आहे."

"मी तिच्या आईचा नवरा."

"मग सही चालणार नाही. आईला बोलवा."

आई तेव्हा डोंगरापलीकडच्या फेरीवर होती. ती परत येईपर्यंत साडेतीन तास गेले. औषध टोचून दुखणं थोडं कमी केलं होतं, तरी पोरगी मामांच्या सदऱ्याची बाही दातात धरून बसली होती. पेन मामांच्या हातातच होतं. आयुष्यभर त्या हाताने दुसऱ्यांची पानं जोडली, आणि आज तो हात कागदाला चालत नव्हता. त्या दिवशी मामा एकदाही म्हणाले नाहीत की खळ वाळू द्या.

हात बसला. मामा मात्र उठले ते थेट कोर्टात गेले. चष्मा काळ्या दोरीने गळ्यात लटकवणाऱ्या खिडकीवरच्या बाईंना त्यांनी विचारलं, "बायकोच्या मुलीला दत्तक घ्यायचं तर काय करावं लागतं?"

बाईंनी छापील यादी पुढे सरकवली. अर्ज, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, पोलिसांचा दाखला, आईची संमती, जन्मदात्याची संमती. मग घरी अधिकारी येऊन बघून जाणार, मग न्यायाधीशांसमोर सुनावणी.

"वकील?"

"लागतोच असं नाही. वाचता येतं ना?"

मामांना हे फार लागलं. वाचता येतं का म्हणे! त्यांनी तर अख्खं वाचनालय बांधलं होतं. गल्लीतल्या वकिलाने जिन्यात गाठून डिवचलंच, "मामा, एकटे कोर्टात जाल तर खरोखरचे मामा व्हाल."

"माझी पोर आहे," मामा म्हणाले. "तिला घरात आणताना दलाल नव्हता, आता कशाला?"

यादीतल्या सगळ्या अडचणी एका बाजूला आणि जन्मदात्याची संमती एका बाजूला. माणूस मिळायला पाच आठवडे लागले. त्याची बोट बंदराला लागली तेव्हा मामा रात्रभर प्रवास करून तिथे पोचले. धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवर दोघं समोरासमोर बसले. मामांनी मजकूर टंकून नेलाच होता. त्याने तो दोनदा वाचला.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"गणितात कच्ची. बोलण्यात पक्की."

तो हसला, मग हसू ओसरलं. "तिचा आवाज आठवायचा प्रयत्न करतो. येत नाही." कप फिरवत म्हणाला, "ती तुम्हाला बाबा म्हणते?"

"नाही. अहो म्हणते."

त्या माणसाने निवलेला चहा एका घोटात संपवला. मग उठला आणि बंदरावरच्या कचेरीत गेला. मजकुराच्या पानावर जागा उरली नव्हती म्हणून तिथल्या कारकुनाने आपला पिवळसर कागद दिला. त्यावर जन्मदात्याने दोन ओळी लिहिल्या, "सोबतचा मजकूर वाचला, समजला, मान्य आहे." खाली सही, तारीख, कचेरीचा शिक्का. संध्याकाळी बोट सुटली, ती अकरा महिन्यांसाठी.

घरी येऊन मामांनी सगळे कागद दाबयंत्रात ठेवले आणि जे हाताला येत होतं ते केलं. चोवीस पानं नीट जुळवली, पाच भोकं पाडली, मेणाच्या दोऱ्याने शिवली, पाठीला खळ लावली, वर निळ्या कापडाचा पुठ्ठा चढवला. दोन रात्री वजनाखाली ठेवून खळ वाळू दिली. पोरीच्या आयुष्याचा कागद, तो काय सुटा न्यायचा? फक्त पानांवर आकडे घातले नाहीत. आकडे छापखाना घालतो, ते बाइंडरचं कामच नव्हे.

खिडकीवरच्या बाईंनी ते पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"हे काय, कादंबरी?"

"अर्ज आहे."

"अर्जाला पुठ्ठा लावतं का कुणी? एक संच अधिकाऱ्याकडे जाणार, एकाची नक्कल निघणार, पानापानावर शिक्का बसणार. मी काय पुस्तकाच्या पोटात शिरून शिक्का मारू? सोडा हे."

"सोडू?"

"सोडा. बाकावर बसा आणि सोडा. मी आहे पाच वाजेपर्यंत."

मामांची सुरी दारावरच्या पहारेकऱ्याने काढून ठेवली होती. बाकावर शेजारी पोरगी बसली होती, हात अजून गळपट्ट्यात. तिने दुसऱ्या हाताने केसातला आकडा काढून पुढे केला. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची शिवण स्वतः उसवली. एकेक टाका निघताना त्यांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा होत होता.

"अहो, दुखतंय का?" पोरीने विचारलं.

"दोऱ्याला विचार."

बाईंनी सुटी पानं घेतली, पहिल्यावर पोचपावतीचा शिक्का मारला आणि रिकामा निळा पुठ्ठा परत द्यायला हात पुढे केला. मामा म्हणाले, "ठेवा तुम्हीच. त्याचं आता मी काय करू?"

मग घरभेटीच्या अधिकारी आल्या. त्यांनी घर बघितलं, शाळेची वही बघितली, मामांना विचारलं, "मुलीला काय आवडत नाही?" मामांनी सतरा गोष्टी सांगितल्या. आई शेवटी म्हणाली, "पुढे चला, पुढे चला, गाडी भरली." अधिकारी हसून उठल्या.

सुनावणीच्या दिवशी तिघं एका रांगेत बसले. न्यायाधीश एक पोक्त बाई होत्या, पान उलटताना बोट न ओलं करणाऱ्या. मामांना तेवढ्यावरच त्या आवडल्या. त्यांनी मुलीला विचारलं, "तू यांना काय म्हणतेस?"

"अहो."

दालनात खसखस पिकली. न्यायाधीश हसल्या नाहीत. "आणि हे कोण लागतात तुझे?"

"हेच लागतात," मुलगी म्हणाली. जणू प्रश्नच अडाणी होता.

न्यायाधीशांनी पुढची पानं उलटली आणि थांबल्या. मागे गेल्या, परत पुढे आल्या. "जन्मदात्याचा मजकूर आहे. सही कुठे आहे?"

मामा उभे राहिले. "मागच्याच पानावर, मॅडम. पिवळा कागद."

"नाही इथे. आणि पानांवर आकडेही नाहीत. किती होती, कसं कळणार?"

मामांनी बोटांवर महिने मोजले. बोट समुद्रात, अजून सहा महिने तरी. त्यानंतर तो माणूस सापडेल की नाही, सापडला तर मन तेच राहील की नाही, कोण सांगणार? आकडे! चोवीस आकडे घालायला किती वेळ लागला असता?

खिडकीवरच्या बाई दालनाच्या दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, अर्धा तास द्या. ही फाइल घरभेटीहून परत आली त्या दिवशी टेबलावर तीन फायली एकत्र आल्या होत्या."

पंचविसाव्या मिनिटाला बाई धुळीने माखलेल्या आल्या. पिवळा कागद दुसऱ्याच कुणाच्या जमिनीच्या फायलीत घुसला होता. न्यायाधीशांनी तो वाचला आणि मान हलवली.

"यावर मुलीचं नाव नाही. 'सोबतचा मजकूर' म्हणजे कुठला मजकूर? हे कुठल्याही कागदाचं दुसरं पान असू शकतं. मी अंदाजावर कुणाची मुलगी कुणाला देऊ शकत नाही."

बरोबर होतं ते. मामांना रागही आला नाही. बांधायला आलेल्या पुस्तकात परकं पान निघालं तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. आणि तिथेच त्यांना सुचलं.

"मॅडम, मी बोलू? त्या कागदाच्या डाव्या कडेला भोकं आहेत. पाच. वरून चौथं जरा खाली घसरलंय. माझा अंगठा असा आहे." त्यांनी हात वर केला. "फायलीतलं कुठलंही पान घ्या. सगळ्यांना तीच भोकं. एका वेळी, एका टोच्याने पाडलेली. हा कागद माझ्याच अर्जात शिवलेला होता."

"तुम्ही शिवलात हे कुणी पाहिलं?"

"मी," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. "पुस्तक करून आणलं होतं यांनी. मीच उसवायला लावलं. पिवळा कागद संमतीच्या मजकुराला लागूनच होता, रंग वेगळा म्हणून मी दोन्ही पानं वाचलीसुद्धा. पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे."

न्यायाधीश उठल्या. संमतीचा मजकूर, पिवळा कागद आणि आणखी चार पानं एकावर एक ठेवून खिडकीपाशी गेल्या आणि कडा उजेडात धरल्या. पाचही भोकांतून उन्हाचे पाच ठिपके आरपार आले. चौथा जरा खाली.

मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "पुढच्या वेळी आकडे घालत जा." आणि लिहायला लागल्या.

हुकमाची प्रत दहा दिवसांनी खिडकीवर मिळाली. बाईंनी त्यावर शेवटचा गोल शिक्का दाबला. कागद कोपऱ्यात टाचणीने तिरकाच टोचला होता. एरवी मामांनी त्यावर दोन शब्द सुनावले असते. आज त्यांनी कागद उचलला आणि घाईघाईने घडी घालायला घेतला.

पोरीने बऱ्या झालेल्या हाताने त्यांचं मनगट पकडलं. "अहो! शाई ओली आहे. तुम्हीच म्हणता ना?"

मामा ओशाळले. आयुष्यभर दुसऱ्यांना थोपवलं आणि आज स्वतःलाच दम निघाला नव्हता. त्यांनी कागद दोन्ही तळहातांवर सपाट घेतला, वाढलेलं ताट न्यावं तसा, आणि पायऱ्या उतरायला लागले. मागून आई म्हणाली, "पुढे चला, वाट अडवू नका." पोरगी शिक्क्यावर फुंकर घालत त्यांच्याबरोबर तिरकी तिरकी चालत होती.

खिडकीमागून बाई बघत होत्या. चष्मा दोरीला लटकत होता, त्यामुळे लांबचं त्यांना स्वच्छ दिसत होतं. निळ्या पुठ्ठ्यात आता त्यांची हजेरीवही असायची, त्यावर त्यांनी हात ठेवला होता. समोर रांगेतला माणूस दोनदा खाकरला. "थांबा हो जरा," बाई म्हणाल्या. तिघं कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांनी मान काही हलवली नाही.