हारा तो घर जाओ

आमच्या मामाजींनी उभ्या जन्मात फुटबॉलला एकदाही लाथ मारली नाही. पण फुटबॉलपायी त्यांच्याइतक्या लाथा खाल्लेला दुसरा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. मामाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वाशीमला त्यांचं घर, गावाबाहेर थोडी शेती, अंगाने काटकुळे, डोक्याला पांढरा रुमाल आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी शिट्टी. ही शिट्टी ते आंघोळीलाही काढत नसत. एकदा शेजारी सत्यनारायणाच्या आरतीत मंडळींचा ताल चुकला, तर मामाजींनी शिट्टी फुंकून आरती थांबवली आणि पहिल्या कडव्यापासून पुन्हा म्हणायला लावली. भटजींनी नंतर आत्याकडे तक्रार केली. आत्या म्हणाली, "तुमचं एक आरतीत भागलं, महाराज. मी त्या शिट्टीसंग नांदून राह्यली."

हे वेड त्यांनी कामठीहून आणलं होतं. तरुणपणी ते तिथल्या गोऱ्या पलटणीला चारा पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे कामाला होते. संध्याकाळी गोरे शिपाई फुटबॉल खेळत आणि मामाजी गवताच्या गंजीवर बसून बघत. एका गोऱ्या सार्जंटाला हा एवढा भक्तिभावाने बघणारा माणूस आवडला. त्याने तोडक्यामोडक्या हिंदीत मामाजींना विलायतेतल्या राष्ट्रीय कपाची सगळी कथा सांगितली. त्या कपात कोणीही उतरावं. लॉर्डाच्या शाळेत शिकलेल्यांनी उतरावं, खाणीत कोळसा खणणाऱ्यांनी उतरावं. चिठ्ठ्या टाकायच्या, जोड्या लावायच्या आणि जो हरला तो त्याच दिवशी बाहेर. सार्जंट म्हणे, "हारा तो घर जाओ." एवढी तीनचार शब्दांची दीक्षा घेऊन मामाजी वाशीमला परत आले. सोबत त्या सार्जंटाने दिलेला एक जुना चेंडू होता.

मग दर शनिवारी ओट्यावर बसून ते कपाचा इतिहास सांगत. पुराणिक पोथी सांगतो तसा. मधे पाणी प्यायचे, कठीण जागी थांबून श्रोत्यांकडे बघायचे. फार पूर्वी एके वर्षी अशी रीत होती म्हणे, की गेल्या वर्षी जिंकलेल्या संघाने घरी बसून राहावं, बाकीच्यांनी आपसात मरावं आणि जो उरेल त्याने येऊन थेट शेवटचा सामना खेळावा. हे ऐकून समोरचे एक पाटील खूष झाले. म्हणाले, "म्हंजे वतनच की हो!" मामाजी ताडकन म्हणाले, "म्हनूनच मोडलं त्याईनं ते. तुमचं काहून मोडत नाई, तेच समजत नाई मले." पाटील पुढच्या शनिवारी आले नाहीत. पहिला कप एका दुकानाच्या काचेआड मांडला होता आणि तो रात्रीतून चोरीला गेला, हा भाग आला की मामाजी डोक्याचा रुमाल काढून हातात घ्यायचे. अशा वेळी कोणीतरी हमखास विचारायचं, "मंग कोतवालाले कोनी उठवलं नाई काय?" मामाजी डोळे पुसत म्हणायचे, "त्यांच्यात कोतवाल नस्ते बाप्पा. तेच तर दुख हाय."

बाद फेरीवर त्यांची एवढी श्रद्धा बसली की घरातला कुठलाही निर्णय दुसऱ्या रीतीने होईना. भाजी वांग्याची की गवारीची, इथपासून जोड्या लागायच्या. मुलीच्या लग्नाची वेळ आली तेव्हा आलेल्या स्थळांच्याही त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. रिसोडचा मुलगा विरुद्ध मंगरूळचा, मेहकरचा विरुद्ध कारंज्याचा. एक रिठदचा मुलगा शिल्लक राहिला, त्याला जोडच नव्हती. अशा एकट्याला न खेळता पुढच्या फेरीत जाऊ देतात, त्याला 'बाय' म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पुढच्या फेरीत समोरच्याच्या पत्रिकेत मंगळ निघाला, शेवटच्या फेरीतल्या मुलाचं दुसरीकडे जमलं आणि रिठदचे जावई एकही सामना न खेळता बोहल्यावर चढले. माणूस सोन्यासारखा निघाला, पण आत्या त्यांना शेवटपर्यंत 'बायवाले' म्हणायची.

अशा माणसाने वाशीमला कप सुरू केला नसता तरच नवल. कप मात्र कासाराकडून करून घ्यावा लागला. त्या बिचाऱ्याने असला कप कधी पाहिला नव्हता. त्याने आपली एक पितळी घागर घेतली आणि तिला दोन्ही बाजूंनी कान जोडले. मामाजींनी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. पाच संघ आले: जऊळका, रिठद, शेलूबाजार, कापसाच्या जीनमधल्या कामगारांचा एक, आणि पाचवा वाशीमच्या वकीलमंडळींचा. वाशीमला तेव्हा जितके वकील होते तितके सगळे त्या संघात होते. त्यांचे पुढारी होते गावातले सगळ्यात मोठे वकीलसाहेब. मी त्यांच्याकडे कारकून होतो आणि मामाजींचा घराशेजारच्या मोकळ्या जागेचा खटलाही त्यांच्याकडेच होता. ही जागा मामाजींची की त्यांच्या चुलत भावाची, हा वाद दोघांच्या वडलांपासून चालत आला होता. दोघे भाऊ एकाच आळीत राहायचे, पण एकमेकांशी बोलायचे ते फक्त कोर्टात, तेही वकिलामार्फत.

चिठ्ठ्या देवीच्या पुजाऱ्याने उचलल्या. पहिल्या फेरीत वकिलांना बाय मिळाली. दुसऱ्या फेरीत उरले तीन संघ, तिथेही बाय वकिलांनाच. चेंडूला बोट न लावता वकीलमंडळी शेवटच्या सामन्यात दाखल झाली आणि त्यांनी लगेच विजयाप्रीत्यर्थ अल्पोपाहार केला. वकीलसाहेबांनी भाषणात सांगितलं, "या यशामागे आमची अनेक वर्षांची शिस्त आहे." मामाजी माझ्या कानात म्हणाले, "पाह्य लेका, बाय भेटली तरी मानसाले वाटते का आपुनच धावून जितलो."

दुसऱ्या बाजूने जऊळक्याचे पोट्टे आले. शेतकऱ्यांची मुलं, तुरीच्या शेतात पळून पळून पाय घट्ट झालेले. रिठदशी आणि मग जीनवाल्यांशी झुंजून आल्यामुळे निम्मे लंगडत होते. त्यांचा कप्तान एक उंचच उंच गडी होता; त्याच्या गुडघ्याला हळद बांधलेली. समोर वकील, सगळ्यांच्या पायात नागपूरहून मागवलेले बूट. सामना सुरू झाला तसं कळलं, की वकिलांना फुटबॉल खेळता येत नाही, खटल्यासारखा चालवता येतो. चेंडू बाहेर गेला की हरकत. धक्का लागला की हरकत. एकाने तर चेंडू पायाशी असताना, समोरचा पक्ष तयारीत नसल्यामुळे आपणही थांबतो, असं सांगून थांबून दाखवलं. तेवढ्यात जऊळक्याच्या पोराने चेंडू नेला. शेवटी उंच कप्तानाने लांबून लाथ हाणली आणि चेंडू दोन बांबूंच्या मधून थेट पलीकडच्या कपाशीच्या पऱ्हाटीत गेला. मामाजींनी शिट्टी वाजवली. जऊळका जिंकलं. लोकांनी घागरीत गुलाल भरून उधळला.

दुसऱ्या दिवशी वकिलांचा अर्ज आला. विजयी संघ अनवाणी खेळला. बूट नसलेला पाय हा खेळाच्या दृष्टीने पायच नव्हे. सबब निकाल रद्द करून कप अर्जदारांना द्यावा. अर्जाबरोबर वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी गोड होता. "तुमच्या मामाजींना जरा समजवा. त्यांच्या जागेची तारीख जवळ आली आहे. आपलं काम आपलेपणाने चालतं, नाही का?" मी तो निरोप जसाच्या तसा मामाजींना पोचवला. ते जेवायला बसले होते. त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. आत्या चुलीपुढून म्हणाली, "जागा जाईन?"

"जाईन," मामाजी म्हणाले.

"अन् त्याईले कप देल्ला तर?"

"तर जागा राहीन. मंग मी शनिवारी ओट्यावर बसून लोकाईले काय सांगू?"

आत्याने तव्यावरची भाकरी उलटली. "मंग जाऊ द्या जागा. पन मांगून तोंड वाकडं करून बसू नका घरात. मले ते पाह्यनं होत नाई."

सुनावणी ओट्यावरच झाली. वकीलसाहेब बुटांच्या बाजूने तासभर बोलले. मग मामाजींनी उंच कप्तानाला विचारलं, "तुले काही सांगायचं हाय?" तो उठला, बावरला आणि म्हणाला, "मामाजी, बूट घालून खेयलो अस्तो तर बॉल लागला का नाई, हे मले तरी कसं समजलं असतं?" लोक हसले. मामाजी हसले नाहीत. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली, फुंकली आणि वाशीमच्या सगळ्यात मोठ्या वकिलाकडे बघून म्हणाले, "हारा तो घर जाओ." वकीलसाहेबांनी शांतपणे काठी उचलली, जोडा घातला आणि ते घरी गेले.

पुढच्या तारखेला त्यांची प्रकृती बिघडली. मग मामाजींचे कागद परत आले. दुसरा वकील बघावा, तर गावातला प्रत्येक वकील त्या संघात खेळलेला! प्रत्येकाचीच प्रकृती बिघडली. मीही ती नोकरी सोडली आणि शाळेत मास्तर झालो. अखेर मामाजी मुन्सफापुढे स्वतः उभे राहिले. कागद दाखवायचे सोडून त्यांनी बाद फेरी किती न्यायाची असते हे समजावलं. मुन्सफांनी लक्ष देऊन ऐकलं आणि निकाल भावाच्या बाजूने दिला. अकोल्याला अपील करा, म्हणून सगळ्यांनी परोपरीने सांगितलं. मामाजी म्हणाले, "जऊयक्याच्या निकालावर मी अपील चालू देल्लं नाई. मंग माह्या निकालावर कोन्या तोंडानं करू?" असा मूर्खपणा मी पुढे आयुष्यात पुष्कळ शोधला, कोणात दिसला नाही. भावाने महिन्याभरात मधे मातीची भिंत घातली.

कप आणखी काही वर्षं चालला. मग लढाई पेटली, चेंडूचे रबरी ब्लॅडर मिळेनासे झाले, पोट्टे आपापल्या संसाराला लागले. विलायतेतला कपही लढाईमुळे बंद पडल्याचं कळलं. ओट्यावरची गर्दी विरळ झाली आणि एका शनिवारी कोणीच आलं नाही. मामाजी एकटेच बसले होते. भिंतीपलीकडून त्यांच्या चुलत भावाचा आवाज आला. त्याची बायको वारली होती, मुलगा नागपूरला होता. तो म्हणाला, "काहून रे, आज सांगत नाई काय?" इतकी वर्षं तो पलीकडे बसून सगळं ऐकत होता!

त्या दिवसापासून तो ओट्यावर येऊ लागला. जागेचं नाव दोघांनीही काढलं नाही. सांगायला नवीन काही नव्हतं, म्हणून मामाजी मनानेच कप रचू लागले. आज कोळशाच्या खाणीतले विरुद्ध गोदीतले, पुढच्या शनिवारी विणकर विरुद्ध लॉर्ड. कोण लंगडला, कोणाच्या आईने नवस बोलला, सगळं तपशिलाने. भाऊ गुडघ्याला मिठी मारून ऐकायचा आणि लॉर्ड हरले की मांडीवर थाप मारायचा. एकदा मी मामाजींना हळूच म्हटलं, "अहो, तिकडे कप बंद आहे ना?" त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडाशी नेली, तसा मी विषय बदलला.

पुढच्याच साली पावसाळ्याच्या तोंडाशी मामाजी गेले. तापाचं निमित्त झालं, फार पडून राहिले नाहीत. तेराव्याला जेवणं उरकली, माणसं पांगली. मी ओट्यावर पान लावत बसलो होतो, तर मामाजींचे ते भाऊ आले आणि माझ्याजवळ टेकले. रुमालाच्या टोकाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुमी इंग्रजी वाचता. मले एक सांगा. विनकर आन् गोदीवाल्याईची फायनल व्हती. शनिवारी सांगतो म्हने तो. कोन जितलं?"

घरात आत्या भांडी आवरत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

"अजून व्हायची आहे, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पाय वर घेतले आणि भिंतीला पाठ टेकून बसले. "बरं," म्हणाले, "मंग बसतो मी."