पाहुण्यांच्या चहाची बचत

नव्या गावात बिऱ्हाड हलवण्याआधी तुम्ही कधी तिथे जाऊन केस कापून आला आहात का? माझ्या वडिलांचे एक मित्र तसे कापून आले होते. महागाईशी इतक्या निष्ठेने भांडणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल. आम्ही त्यांना काका म्हणायचो. वुल्व्हरहॅम्प्टनचा त्यांचा कारखाना बंद पडला आणि रीडिंगला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी चालून आली, तेव्हा सगळ्यांनी वाढीव पगाराबद्दल अभिनंदन केलं. काका म्हणाले, "पगाराचं राहू द्या. तिथे फुलकोबी केवढ्याला, ते सांगा."

मग दर शनिवारी काका कोचने, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्वस्त बसने, रीडिंगला जाऊ लागले. फुलकोबी घ्यायची, बसने गावभर फिरायचं, कॅफेत चहा मागवून कपाची खोली चमच्याने मोजायची. केस कापण्याजोगे काकांना उरलेच नव्हते. न्हाव्याने कानांवरून कात्री फिरवून पूर्ण पैसे घेतले, तेव्हा टकलाला सवलत का नाही, यावर त्यांनी त्याच्याशी अर्धा तास वाद घातला. भाव ते पौंडात लिहीत नसत. पौंड हे मालकाचं माप, मिनिटं हे कामगाराचं! "आपल्याकडे फुलकोबी सात मिनिटांच्या मजुरीची, रीडिंगला अकरा," असं ते सभेत ठराव मांडावा तसं सांगत. मला हे भलतंच पटायचं. तेव्हा मी घरभाड्याविरुद्ध पत्रकं लिहीत होते, आणि त्यांतली दोन तरी फुलकोबीवर होती.

पत्रकांच्या घड्या काकांच्याच स्वयंपाकघरात पडायच्या. दारात "जयभीम" ऐकू आलं की काकू आधी किटली लावायच्या, कोण आलंय ते मागून बघायच्या. न सांगता येणाऱ्या माणसांवरच काकू जगत होत्या म्हणा ना.

शेवटी काकांनी भिंतीवर तक्ता लावला. भाडं, बस, फुलकोबी, न्हावी, सगळं रीडिंगच्या विरोधात. एकाच ओळीने पारडं फिरवलं होतं: पाहुण्यांचा चहा, दूध, बिस्किटं, रीडिंगला शून्य.

"अहो, शून्य कसं?" काकूंनी विचारलं.

"तिथे आपल्याला ओळखतं कोण?" काका विजयाने म्हणाले.

त्यांची मुलगी तिच्या वुल्व्हरहॅम्प्टनी मराठीत फणकारली, "बाबा, माणसं म्हणजे काय गॅसची बिल आहे?"

काकू एवढंच म्हणाल्या, "नोकरी तर हवीच ना," आणि भांडी आवरायला लागल्या.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. काकांचा हिशेब मिनिटानेही चुकला नाही, हे मला कबूल करावं लागतं. मागच्या महिन्यात मी न कळवता रीडिंगला त्यांच्याकडे गेले. काकूंनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. तिथे अवचित येतात ते फक्त विमेवाले. मला ओळखल्यावर मात्र त्या बोलतच सुटल्या. माझ्या आईच्या गुडघ्यापासून सुरुवात झाली आणि तीन तास त्या घोटभर पाणीही प्यायल्या नाहीत. काका गुपचूप माझा कप भरत राहिले. निघताना ते फाटकापर्यंत आले.

"सगळं दूध संपवलंस," त्यांनी दरडावलं. मग दुसरीकडे बघत म्हणाले, "शनिवारी येतेस?"

मला दर शनिवारी जमत नाही. म्हणून, आजवर पत्रकांच्या शेवटी नुसत्या मागण्याच लिहिल्या असल्या, तरी ही एक विनंती. रीडिंगवरून कुठे जात असाल, तर पत्ता माझ्याकडून घ्या आणि मधेच उतरा. आधी कळवू नका. आणि काकूंनी विचारलं, तर "नुकताच झाला" असं म्हणू नका.