मागच्या कोपऱ्यातलं झाड

माशांच्या दुकानात किस्से शेवाळासारखे धरतात. काच आज लख्ख पुसली तरी आठ दिवसांत पुन्हा हिरवी. एका गिऱ्हाइकाचं हसू ओसरत नाही तोवर दुसरं दारात! मैत्रिणी विचारतात, "बॉटनीत बीएस्सी करून तू नक्की करतेस काय?" मी म्हणते, "धाराशिवात पाण्यातली झाडं विकते." त्या हसतात. मग मला हे सगळं सांगावं लागतं.

दुकान बब्रुवान काकांचं. नात्यातले नाहीत, पण अख्खी गल्ली त्यांना काकाच म्हणते. इतकी वर्षं त्यांनी रंगीत मासे विकले आणि सोबत प्लॅस्टिकची झाडं. जिवंत झाडांची कल्पना माझी. काकांनी ती ऐकून घेतली, दारासमोरची तीन फुटी टाकी मोकळी केली आणि म्हणाले, "लाव. दसऱ्याला बघू. जगली तर झाडं बी राहतील, तू बी राहशील."

"आणि नाही जगली तर?"

"मग पहिल्यासारखं प्लॅस्टिक. त्याची कधी तक्रार आली न्हाय, आन् ते कधी रजा बी मागत न्हाय!"

घरी मी नोकरी पक्की झाली असं सांगून बसले होते. नाही तर बँकेच्या परीक्षेचा क्लास ठरलेलाच होता.

* * *

लागवडीच्या पहिल्याच दिवशी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात हात घातला आणि तिथला दगड हलला. मी किंचाळले. मागं टाक्या जोडत बसलेले शकीलभाई सिलिकॉनची गन घेऊन तसेच धावत आले.

"क्या हुआ? करंट लागला का?"

"दगड! दगड हलला!"

तो वीतभर लांबीचा सकर मासा होता. काच चाटून साफ करणारा, दिवसभर एका जागी चिकटून बसणारा. टाकी मोकळी केली तेव्हा बाकीचे मासे काढले, हा तेवढा निघाला नव्हता. काकांनी वर बघितलंसुद्धा नाही. "तो सात वर्षं तिथंच बसतोय. नवीन तू हायेस, तो न्हाय."

त्या दिवसापासून त्या कोपऱ्यात मी हात घातला नाही. तो कोपरा सकरचा, बाकीची टाकी माझी.

* * *

पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात क्रिप्ट नावाची झाडं मागवली. तपकिरी-हिरवी पानं, इतकी देखणी की गिऱ्हाइकं रस्त्यावरून आत यायची. नवव्या दिवशी पानं पारदर्शक झाली आणि दोन दिवसांत विरघळून गेली. टाकीत नुसती वाळू उरली.

मी पुस्तकं उघडली, वाचलं, आणि काकांसमोर उभी राहिले. "काका, हे मेलेलं नाही. आपलं बोअरचं पाणी जड आहे, तिकडचं वेगळं. याला जागा बदललेली सोसत नाही. पानं जातात, पण मूळ जिवंत असतं. हात लावायचा नाही, धीर धरायचा."

काकांनी वाळूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे गिऱ्हाइकाला मी वाळू दाखवून सांगायचं, की झाड हाय, पण सध्या आत हाय?"

पुढचा सबंध आठवडा मी जेवण झालं की टाकीसमोर जाऊन बसायचे. त्यातल्याच एका दिवशी बघते, तर मागच्या कोपऱ्यात, सकरच्या शेजारी एक झाड ताठ उभं! खोक्यात दोन-चार वेगळ्या काड्याही होत्या, त्यातली एखादी वाहत जाऊन तिथं रुजली असणार, असं मी धरलं. जवळ जायची सोय नव्हतीच. मग येणाऱ्या प्रत्येकाला मी लांबूनच दाखवू लागले. "ते बघा. एवढ्या पडझडीत एकही पान गेलं नाही!"

* * *

तामलवाडीच्या एका गिऱ्हाइकानं गोल्डफिश पाळले होते. मी न विचारताच त्यांना मऊ, पिसांसारख्या पानांची जुडी दिली. दिसायला सुरेख होती, म्हणून. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, भाजी संपली. आणखी दोन जुड्या लावून ठेवा."

"भाजी? अहो, ती झाडं होती!"

"व्हय? पण लई आवडीनं खाल्ली हो!"

* * *

नळदुर्गच्या हायवेला ढाबा असलेले एक भाऊ टाकी ढाब्यातच ठेवतात. त्यांच्या झाडांची पानं पिवळी पडली. त्यांनी मला फोटो पाठवला आणि मी उत्तर लिहीपर्यंत वाट बघितली नाही. शेतातला माणूस! पान पिवळं दिसलं की हात कुठं जाणार? युरियाच्या पोत्यात.

'युरिया टाकला' असा त्यांचा मेसेज बघून दुसऱ्या दिवशी मी घाबरत घाबरत फोन केला. "भाऊ, किती टाकला?"

"चिमूटभरच."

"कुणाची चिमूट?"

"आमच्या आचारी वस्तादाची. परात-परात कणीक मळणारी."

"मग आता कसं आहे?"

"एक नंबर! काय हिरवीगार झालीत झाडं! मासे तेवढे वर आलेत."

* * *

गावातल्याच एका शिक्षिका मॅडमना मी अनुबियास दिलं. कडक पानाचं, गोल्डफिशच्या तोंडाला न येणारं. या झाडाची एकच अट असते. त्याचा जाड देठ वाळूत पुरायचा नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायचा, मुळं उघडी ठेवायची. मॅडमनी अगदी तसंच केलं. तरी तीन वेळा देठ कुजला. तिसऱ्या वेळेला त्या सासूबाईंना सोबत घेऊन आल्या.

सासूबाईंनी आल्या आल्या कबूल केलं. "मीच पुरत होते. रोज बघायचं, आन् मुळं उघडी पडलेली! जीव तुटतो की गं. मूठभर वाळू लोटली तर काय बिघडतंय?"

समजावून उपयोग नव्हता. मी त्यांना व्हॅलिस्नेरिया दिलं. गवतासारखं लांब असतं आणि वाळूत रोवावंच लागतं. आता टाकीच्या डाव्या बाजूला सुनेचा दगड आणि उजव्या बाजूला सासूचं गवत. गवत फोफावलंय. परवा मॅडम सांगत होत्या, "त्या रोज म्हणतात, माझ्याकडनं थोडं घेऊन जा, तुझ्याकडं नुसता दगडच दिसतोय!"

* * *

ते व्हॅलिस्नेरिया मुळात तात्यांचं. तात्या माकणीचे, आयुष्यभर मेंढरं राखलेली. मुलगा इथं नोकरीला. त्यानं टाकी घेतली म्हणून तात्या दुकान बघायला आले आणि तासभर माशांसमोर उभे राहिले.

मला विचारलं, "पोरी, झाड देताना तू काय बघतीस?"

"पाणी, उजेड, झाडाची उंची..."

"जनावर?"

"म्हणजे?"

"कुणी वरचा पाला ओढतंय, कुणी बूड उकरतंय, कुणी तोंडच लावत न्हाय. पहिलं जनावर इचारावं, मग चारा."

काका काउंटरवरून म्हणाले, "बीएस्सीत हे न्हाय का शिकवत?"

लागलं मला. पण त्या दिवसापासून पहिला प्रश्न "मासे कोणते?" आणि मगच झाड. भाजीचे फोन बंद झाले.

पुढच्या फेरीला तात्यांनी धरणाच्या काठावरून ओल्या गोणपाटात गवताची जुडी आणली. "हितल्या पाण्याचं हाय, हितं जगंल." मी गोणपाट उघडलं तर आतून कोळंबीचं पिल्लू उडून थेट माझ्या मनगटावर! जुडी एकीकडं, मी दुसरीकडं. शकीलभाई म्हणाले, "बेटा, तेरे कू दगड पण भ्या दाखवतो, झिंगा पण. अब राहिलं कोण?"

गोगलगायी असतील म्हणून मी ती दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवली, मग टाकीत लावली. तात्यांचं बरोबर होतं. बोअरच्या जड पाण्यात ते असं पसरलं की महिन्याभरात अर्धी वाळू दिसेना.

टाकीत तोवर थोडे मासे परत सोडले होते; जुडी आणली त्याच वेळी तात्यांनी मागच्या कोपऱ्याकडं बोट केलं होतं. "त्याला मात्र एक बी मासा तोंड लावत न्हाय गं."

"कडक पानाचं आहे, तात्या."

"असंल," तात्या म्हणाले आणि काकांकडं बघत राहिले. काका त्या वेळी अचानक जाळीचे पीळ सोडवायला लागले होते.

* * *

दसऱ्याला दुकानात जाळ्या, कात्र्या आणि सिलिकॉनची गन अशी सगळ्यांची पूजा झाली. काकांनी टाकीला झेंडूची माळ घातली आणि चष्मा पुसून समोर उभे राहिले. माझ्या कानात पंपाचा आवाज घुमायला लागला.

"तात्याचं गवत चढलंय."

"हो."

"तुझं ते आत गेलेलं बाहेर आलंय की." क्रिप्टला खरंच सहा-सात नवी पानं फुटली होती.

"हो, काका."

"आन् ते मागचं तर पहिल्यापासून हललं न्हाय. राहू दे झाडं."

"आणि मी?"

"मग छाटणी काय शकील करणार हाय?"

मी आत जाऊन घरी फोन केला आणि नोकरी खरी आज पक्की झाली ते सांगून टाकलं. बाहेर आले तर दारात एक गिऱ्हाईक उभं. त्यांना तेच हवं होतं, मागच्या कोपऱ्यातलं, कधीच न गळणारं. एरवी मी टाळलं असतं. त्या दिवशी बाह्या वर केल्या. सकर सरकला, मी ओरडले नाही. झाड बुडाशी धरलं आणि अलगद ओढलं.

ते सगळं एकदम वर आलं. पानांवर चार महिन्यांचं शेवाळ, आणि खाली मुळांच्या जागी एक गोल, काळी, प्लॅस्टिकची बैठक.

मी शकीलभाईंकडं बघितलं. ते गनच्या नळीत डोळा घालून काहीतरी शोधत होते. मी काकांकडं बघितलं. ते पाठमोरे, दाराला तोरण बांधत होते.

"ऋतुजा," ते न वळताच म्हणाले, "होतं तिथं ठेव ते. त्याला जागा बदललेली सोसत न्हाय."