डाळिंब की पाखरू

ग्वाल्हेरला लोक किल्ला बघायला जातात, मी गेले एका बाईचा हात बघायला. बाई इराणी, चित्रातली. आमच्या ह्यांनी एका जुन्या कॅलेंडरवरून तिची नक्कल करायला घेतली होती. महालाच्या दारात उभी, डावीकडे हात पुढे केलेला, आणि नेमकी तिथेच, चित्राच्या कडेला, छपाईची शाई फिसकटलेली. “डाळिंब आहे हातात,” हे म्हणायचे. “पाखरू आहे! डोळे फुटलेत का तुमचे?” मी म्हणायची. हा वाद मिटायच्या आतच हे गेले. हाताची जागा कागदावर कोरीच राहिली. ड्रॉइंग मास्तरांची बायको मी, ब्रश मलाही धरता येतो. पण काय रंगवायचं ते तर कळलं पाहिजे!

मूळ चित्र कधीच परदेशात विकलं गेलं. पण ते ज्या संग्रहात होतं त्याचे फोटो ग्वाल्हेरच्या कुणा भास्कररावांच्या आजोबांनी काढले होते, असं कळलं. फोन केला. “इराणी चित्रांची पेटी तर खाली आहे ताई, पण तुम्ही येऊन जा,” ते म्हणाले. पेटी तळमजल्यावर, म्हणजे माझ्या गुडघ्यांची सोयच झाली. लगेच तिकीट काढलं.

स्टेशनवर रिक्षावाल्याने विचारलं, “किला चलेंगी, माताजी?” “जयेंद्रगंज,” म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

भास्कररावांच्या पत्नी सुधाताईंनी आधी बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी), बटाट्याची झणझणीत भाजी आणि सकाळी सकाळी चक्क जिलबी पुढ्यात ठेवली. “पहिले खाऊन घ्या. चित्रं कुठे पळून नाही जात,” त्या म्हणाल्या. माझं लक्ष कोपऱ्यातल्या लाकडी पेटीकडे. हात धुतले आणि झाकण उघडलं. आत काहीच नाही!

“अहो, ही तर रिकामी!”

“तर मी फोनवर सांगितलं होतं ना,” भास्करराव म्हणाले, “पेटी खाली आहे म्हणून.”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यांचं ‘खाली’ हिंदीतलं, माझं मराठीतलं! दोघंही मराठीच बोलत होतो म्हणे. एवढ्या लांब एका हातासाठी आले, आणि आता तोही नाही. मला रडूच फुटलं.

“अरे राम! रडू नका ताई. पेटीला दीमक (वाळवी) लागली, तर खाली करून घेतली. फोटो वर आहेत, कपाटात.”

आता हसावं की रडावं? गुडघ्यांना दटावत जिना चढले.

खिडकीपाशी बसून भिंग लावलं. रंग एकही नाही, सगळं चहा सांडल्यासारखं तपकिरी. पण काय ते काम! एका चित्रातल्या माळ्याच्या दाढीचा केस न् केस वेगळा. फरशीवरच्या नक्षीतली वेल एका ठिकाणी चुकून तुटलेली, आणि चित्रकाराने तिथे गुपचूप एक फूल काढून वेळ मारून नेलेली. हे असते तर जेवायलासुद्धा उठले नसते. फार आठवण आली हो.

मग आमची बाई सापडली. कॅलेंडरवाल्याने मापात बसवायला चित्राची डावी कड कापून टाकली होती. फोटोत ती होती. तिथे एक पुरुष पाठमोरा निघालेला, एक पाय उंबऱ्याबाहेर. बाईच्या हातात डाळिंब नव्हतं, पाखरूही नव्हतं. त्याच्या बाहीचं टोक होतं. इतकं घट्ट धरलेलं, की बाहीला चुण्या पडल्या होत्या.

“काय निघालं?” भास्कररावांनी विचारलं.

“दोघंही हरलो,” मी म्हटलं. सुधाताई शेजारी येऊन बसल्या.

परतीच्या गाडीत त्यांनी बांधून दिलेली गजक (तिळाची खुसखुशीत वडी) खात होते आणि सारखं वाटत होतं, घरी गेल्या गेल्या ह्यांना सांगायचं. घर उघडलं, तर सांगणार कोणाला?

दुसऱ्या दिवशी कागद काढला. ह्यांनी तो कॅलेंडरच्याच मापाचा कापलेला. बाहीचं टोक मावत होतं, माणसाला जागाच नव्हती. तेवढं टोक मी रंगवलं, सगळ्या चुण्यांसकट. मला तेवढंही धरता आलं नव्हतं.