मिरखेल, आत या

माणसं हसायला जमतात तिथं किस्से होतात, असं लोकांना वाटतं. साफ चूक. किस्से होतात ते माणसं रडायला जमतात तिथं! हे मी अनुभवाने सांगतो, कारण गेली तीन वर्षं मी रडायला येणाऱ्यांच्या रांगेचा इनचार्ज आहे.

त्याचं असं आहे. पूर्णेला रेल्वे कॉलनीच्या मागे आमचं छोटं चर्च आहे. बाजूच्या खोलीत दर शुक्रवारी दुपारी तीन ते सहा समुपदेशन चालतं. झोप येत नाही, जीव घाबरतो, कशात मन लागत नाही, कुणीही यावं. धर्म विचारत नाही. आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, शांतवनसाहेब आणि सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स रूथबाई आळीपाळीने आत बसतात. समोरच्याचं ऐकतात, त्याची इच्छा असेल तर त्याच्याबरोबर प्रार्थना करतात. मी याकोब, रेल्वेतून रिटायर. बाहेर व्हरांड्यात टेबल टाकून बसतो आणि नंबर लावतो.

आत बोललेलं बाहेर सांगायचं नाही, अशी आम्ही शपथ घेतली आहे. बाहेर बाकावर काय घडतं त्याची शपथ मला कुणी घातलेली नाही. तेव्हा पुढचं सगळं बाकावरचं, नाहीतर ज्याचं त्याने स्वतःच गावभर केलेलं.

*

गाव लहान. नाव घेऊन हाक मारली की संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी. म्हणून मी डोकं लढवलं. येणाऱ्याला एकेका स्टेशनचं नाव द्यायचं. "पिंगळी, आत या." "चुडावा, तुमी त्यांच्यानंतर." सगळा जन्म रेल्वेत गेला, दुसरं सुचणार काय?

ताडकळसचे एक रिटायर हेडमास्तर आले. बसल्या बसल्या छातीत धडधडायचं, घाम फुटायचा. डॉक्टर म्हणाले हृदय ठणठणीत आहे, मन बघा. मी त्यांना मिरखेल दिलं. गुरुजी दोन मिनिटं बाकावर बसले, मग उठून टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "सगळी हयात शाळा चालवली हो. मिरखेलला पॅसेंजर सोडून काय थांबतंय? जरा मोठं स्टेशन बघा."

"कोणतं देऊ?"

"किमान जंक्शन."

मनमाड दिलं. ते बाकीच्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून लहान स्टेशन घ्यायला कुणी तयार होईना. एका बाईंनी तर थेट दिल्ली मागितली, आणि वर म्हणाल्या, "नवी."

*

पाथरीचे एक दुकानदार ओळख निघू नये म्हणून परभणी ओलांडून मुद्दाम पूर्णेला आले. येऊन बाकावर टेकले, बाजूला बघतात तर त्यांचेच व्याही! दोघंही एकदम म्हणाले, "मी तिकिटाची चौकशी करायला आलोय." आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी दोघांनाही नांदेडकडच्या गाड्यांच्या वेळा सांगितल्या. व्याही वेळा ऐकून खरंच निघून गेले. पुढच्या शुक्रवारी आले.

दुकानदार मात्र थांबले. आत शांतवनसाहेब होते. साहेब नुकतेच तीन दिवसांचं शिबिर करून आले होते. तिथं त्यांना एकच गोष्ट बजावली होती, की बोलू नका, ऐका. आता पाळकाला बोलू नका म्हणणं म्हणजे इंजिनाला शिट्टी वाजवू नको म्हणणं. पण साहेबांनी ठरवलं, आज तोंड उघडायचं नाही. तिकडे दुकानदार थांबलेले, की मोठा माणूस आधी बोलेल. हे गप्प, ते गप्प. चाळीस मिनिटं झाली.

दुकानदार बाहेर आले ते प्रसन्न चेहऱ्याने. चपला घालता घालता मला म्हणाले, "साहेबाला लय टेन्शन दिसतंय. एक शब्द बोलले न्हाईत. मी आपला बसलो त्यांच्यासंगं. आता बरं वाटंल बघा त्यांना."

मी हे रूथबाईंना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "शहाणा दिसतो तो माणूस."

*

कारण तेव्हा वहिनींना जाऊन चार महिने झाले होते. वहिनी म्हणजे साहेबांच्या पत्नी. दोघंच राहायची, मूलबाळ नाही. वहिनींच्या दफनविधीची प्रार्थना साहेबांनी स्वतः चालवली. आवाज हलला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. लोक म्हणाले, केवढा विश्वास! रूथबाई म्हणाल्या, "हे काय मला बरं दिसत न्हाई."

आमच्या साहेबांच्या प्रवचनाला कायम तीन मुद्दे. तिसरा मुद्दा लांबला की वहिनी पहिल्या बाकावरून खोकायच्या, तेव्हा आम्हाला जेवायला जायला मिळायचं. वहिनी गेल्या, आता कोण खोकणार? आम्हाला वाटलं, आता दर रविवारी दीड वाजणार. झालं उलटंच. साहेब दुसऱ्या मुद्द्यावर थांबायचे, पहिल्या बाकाकडे बघायचे आणि म्हणायचे, "आपण प्रार्थना करू या." खोटं कशाला बोलू, पहिले दोन-तीन रविवार आम्ही खूश होतो. मग बाजूच्या बाकावरच्या ताराकाकू बाहेर पडताना म्हणाल्या, "तिसरा मुद्दा ऐकून किती दिवस झाले हो?" आणि मला एकदम वाईट वाटलं.

रूथबाईंनी साहेबांना गाठलं. "साहेब, शुक्रवारी तुमी बी बसा की. माझ्यासमोर."

"मी समुपदेशक, मीच कसा बसू?"

"सर्जनच्या पोटात दुखलं तर तो आपलं पोट आपणच चिरतो का?"

साहेबांनी चर्चचे सगळे पंखे बंद केले आणि ते निघून गेले. साहेब झोपत नाहीत, जेवण अर्धं टाकतात, हे आम्हाला दिसत होतं. त्यांना कुणापुढे बसवायचं, ही आमची खरी काळजी. पण त्यांचं एकच म्हणणं, की पाळक रडला तर कळपाने कुणाकडे बघायचं?

*

ताराकाकूंची ओळख करून द्यायला हवी. पूर्णा स्टेशनवरची अनाउन्समेंट एखादे वेळी चुकेल, ताराकाकू चुकणार नाहीत. रविवारी उपासनेत प्रार्थना-विनंत्या सांगायची वेळ असते. कुणी आजारी आहे, कुणाची परीक्षा आहे, उठून सांगायचं, मग सगळे मिळून प्रार्थना करतात. समुपदेशन सुरू झाल्यावर साहेबांनी नियम केला, की विनंती सांगताना कुणाचं नाव घ्यायचं नाही.

काकू उठल्या. "एका बहिणीसाठी प्रार्थना करा. नाव घेत न्हाई. नवऱ्याशी पटंना झालंय. पाण्याच्या टाकीमागं घर हाय. हिरवं दार. परवाच वाशिंग मशीन आणलंय त्यांनी."

साहेब म्हणाले, "काकू, देवाला पत्ता ठाऊक आहे."

"देवाला हाय हो. ह्या बाकीच्यांना कसं कळावं, कुणासाठी आमेन म्हणायलोत ते?"

*

मनमाड, म्हणजे आपले गुरुजी. पहिल्याच दिवशी त्यांनी रूथबाईंना दारातच विचारलं, "आमी बौद्ध. छप्पन सालापासून. इथं यायचं म्हणल्यावर काई सोडावं लागतं का?"

"हो," बाई म्हणाल्या. "चहातली साखर."

बाई घाबरणाऱ्या माणसांना श्वासाची प्रार्थना शिकवतात. श्वास घेताना मनात 'प्रभू', सोडताना 'शांती'. गुरुजींना म्हणाल्या, तुमी तुमचे शब्द घ्या, न्हाईतर नुसता श्वास मोजा. गुरुजींनी डोळे मिटले. पाच मिनिटांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "बाई, तुमचा पाठीचा कणा वाकडा होतोय. आणि तुमी श्वास ओढायलात. ओढायचा न्हाई, येऊ द्यायचा."

हा किस्सा गुरुजींनीच सांगितला, आणि बाईंना तो नाकारता आला नाही. आता दर गुरुवारी गुरुजी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये सतरंजीवर बायकांचा श्वासाचा वर्ग घेतात. उशिरा येणारीला उभं करतात. त्यांची धडधड कमी झाली की नाही ते मला माहीत नाही, रूथबाईंचं बीपी मात्र उतरलं.

*

मनोहरकाका, वय सत्तर. मन खचलेलं, अंथरुणातून उठायचे नाहीत. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. काका गोळ्या खायला तयार नाहीत. म्हणे, गोळी घेतली म्हणजे माझा देवावर भरवसा उरला नाही असं होईल. बायकोने समजावलं, मुलाने समजावलं. मुलगा शेवटी बेजार होऊन रूथबाईंकडे घेऊन आला.

बाईंनी वाद घातला नाही. विचारलं, "काका, जेवणाआधी प्रार्थना करता?"

"करतो की."

"भाकरी देवानं दिली म्हणता ना? मग गोळीवर बी करा. ती काय सैतानानं दिली का?"

काका घरी गेले आणि गोळी तळहातावर घेऊन प्रार्थना करू लागले. प्रार्थना एवढी लांब, की त्यांची बायको म्हणायची, गोळी हातातच विरघळती. पण गोळी पोटात जाऊ लागली. दोन-अडीच महिन्यांनी काका रविवारी साक्ष द्यायला उभे राहिले. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. सगळे कान देऊन बसले. काका भरल्या गळ्याने म्हणाले, "प्रभूनं मला बरं केलं. रोज, जेवणानंतर, दहा मिलिग्रॅम."

*

एक एस.टी. कंडक्टर यायचे. राग अनावर. रूथबाईंनी त्यांना कोरा कागद दिला. ज्याला माफ करता येत नाही त्याला पत्र लिहा, सगळं लिहा, मग प्रार्थना करून फाडून टाका. कंडक्टर बाकावर माझ्या शेजारी बसून लिहू लागले. कागद पाठपोट भरला, समासही भरला. मग टेबलाकडे हात केला. "मामा, अजून चार कागद द्या. हे तर निस्तं डेपोचंच झालं. सासुरवाडी राहिलीया."

बाईंनी तसाच एक कोरा कागद साहेबांच्या हातात ठेवला. "वहिनींना लिहा. जे बोलायचं राहिलं ते."

पुढच्या शुक्रवारी साहेबांनी तो परत केला. कोराच. "तिला माझं अक्षर लागायचं नाही," म्हणाले, आणि हसले. हसणं डोळ्यांपर्यंत पोचलंच नाही.

*

आता शेवटचा.

गेल्या फेब्रुवारीतला रविवार. साहेब प्रवचनाला उभे राहिले, पहिला मुद्दा सांगितला आणि खाली बसले. बस्स. आम्ही आपापल्या मनाने एक गाणं म्हणून घरी आलो.

त्या शुक्रवारी बाकावर गुरुजी होते, कंडक्टर होते, टाकीमागच्या हिरव्या दाराच्या बाई होत्या, आणि ताराकाकू होत्या. काकूंचा नंबर कधीच नसतो. त्या दळण घेऊन जाताना सहज टेकतात, दर शुक्रवारी. आत रूथबाई एकट्या होत्या.

साहेब आले. नेहमी मागच्या दाराने थेट आत जातात, आज फाटकातून आले. इस्त्री नसलेला शर्ट. माझ्या टेबलापुढे उभे राहिले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "याकोबभाऊ, मला कोणतं स्टेशन देता?"

मी वही चाळली. "साहेब, जंक्शनं सगळी गेलीत."

"लहान चालेल."

मी लिहिलं, आणि नंबरातल्या तिघांना सोडून त्यांनाच हाक मारली. "मिरखेल, आत या." गुरुजी आढ्याकडे बघत होते. कंडक्टर मोबाईलमध्ये, तोही बंद.

आमच्या त्या खोलीचं दार जुनं आहे. बोलणं बाहेर येत नाही, पण रडणं येतं. दहा मिनिटांनी आधी एक हुंदका आला, आणि मग जे सुरू झालं ते मी कुणा पुरुषाचं त्याआधी ऐकलेलं नाही. वर्षभराचं साठलेलं होतं ते. माझे स्वतःचे डोळे वाहू लागले. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं फाटकापाशी थांबून कान देऊ लागली. आणि मला धडकी भरली, कारण बाकावर ताराकाकू बसलेल्या. म्हटलं, संपलं. उद्या हे नांदेडपर्यंत जाणार, आणि साहेब परत कधी या दारात पाऊल ठेवणार नाहीत.

काकूंनी दळणाचा डबा खाली ठेवला. उभ्या राहिल्या, पदर खोचला, माझ्या टेबलावरचं गाण्याचं पुस्तक उचललं आणि फाटकातल्या दोघांकडे तोंड करून उपासनेतलं एक गाणं म्हणायला लागल्या. आवाज असा, की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. सूर नाही, ताल नाही. कंडक्टर उठून त्यांच्या बाजूला उभे राहिले. हिरव्या दाराच्या बाईंनी आवाज लावला. गुरुजींना शब्द येत नव्हते, ते जोरजोरात टाळ्या वाजवू लागले. मी टेबल बडवलं. एक गाणं संपलं की काकू श्वास न घेता दुसरं धरायच्या. फाटकातले दोघं कंटाळून निघून गेले, तरी आम्ही थांबलो नाही. पाऊण तास!

मग दार उघडलं. साहेब बाहेर आले. तोंड धुतलेलं, डोळे सुजलेले. ते उंबऱ्यावरच थबकले आणि आमच्याकडे बघत राहिले.

काकू मध्येच थांबून म्हणाल्या, "या साहेब. आत्ताच आलात वाटतं? आत कुणीतरी हाय, बसा जरा." आणि स्वतः बाकावर बसून, सरकून त्यांना जागा केली.

साहेब बसले. थोड्या वेळाने काकूंच्या मांडीवरचं गाण्याचं पुस्तक घेतलं आणि विचारलं, "कितवं चाललंय?"

"कोणतं बी म्हणा," ताराकाकू म्हणाल्या, "निस्तं मोठ्यानं म्हणा."