दुपारी दोन ते चार

सिंगापूरहून निघताना मॅनेजरने विचारलं, "लातूरला कुठल्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे?" मी म्हटलं, कार्यक्रम नाही, गावी वडिलांना भेटायला चालले आहे. आप्पा नऊ वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, हे मात्र त्याला सांगितलं नाही.

नांदेडला सकाळी उतरले. स्टँडसमोर सुसला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांची तिखट फोडणी) खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आलं. मिरचीमुळे, असं म्हणायला हरकत नाही.

अहमदपूरच्या बसमध्ये शेजारी एक मावशी बसल्या होत्या, मांडीवर शेवग्याच्या शेंगांची पिशवी घेऊन.

"काय काम करतीस गं, बाई?"

"गाणं म्हणते. दुबई, मॉरिशस, सिंगापूर, बोलावतील तिथं."

"लई फिरतीस की! अन गावात कोण ऐकतंय तुझं?"

लोहा गाव मागे पडलं, रानोरानी हरभऱ्याची काढणी चाललेली दिसत होती. दुबईत मी लग्नांतून हिंदी गाते, मॉरिशसला भोजपुरी, सिंगापुरात इंग्रजी. कधी कधी अर्थ कळत नाही, तरी उच्चार घोटून घेते आणि लोक नाचतात. पहिल्याच एजंटाला 'महादेवी' पोस्टरवर लांबलचक वाटलं, त्याने 'माही' केलं. मला तेव्हा ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू? ते पोस्टर गावात आप्पांपर्यंत पोचलं. आमच्या शिवनाम सप्ताहाची वीणा तेच सांभाळतात. "शिवाचं नाव ठिवलं हुतं, तेबी काढून टाकलीस," म्हणून त्यांनी फोन ठेवला, तो ठेवलाच.

अहमदपूरला बॅगेचं चाक निखळलं. इतक्या विमानतळांवर धावलेली बॅग शेवटी आपल्याच स्टँडवर लंगडी झाली. ती डोक्यावर घेऊन मी जीप गाठली आणि शिरूर अनंतपाळच्या पुढे आमच्या फाट्यावर उतरले.

गावात सप्ताह चालू होता. या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकवायची नसते. रात्रंदिवस कुणी ना कुणी ती गळ्यात घालून उभं असतं. गावकरी दोन-दोन तासांचा पहारा (उभं राहण्याची पाळी) वाटून घेतात. मी पोचले तेव्हा देवळात आप्पाच उभे होते, कपाळाला विभूती लावून. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर परत तारेवर नेली.

अव्वाने (आईने) हात धरून मला भिंतीवरच्या पहाऱ्याच्या यादीपुढे नेलं. आप्पांचं अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. 'दुपारी दोन ते चार : महादेवी.'

"मी येणार हे तू त्यांना सांगितलंस?"

"न्हाई गं. दरसाली लिवतेत. तू येत न्हाईस, मंग तुझाबी पहारा तेच करतेत."

घड्याळात अडीच वाजले होते. म्हणजे आप्पा या क्षणीही माझ्याच पाळीला उभे होते.

मी पुढे झाले. वीणा देताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, त्यात लहानमोठं कुणी नसतं. मी त्यांच्या पाया पडले. मग सत्तरीतले आप्पा, गुडघ्यावर हात टेकत, माझ्या पायांशी वाकले. नको, असं ओरडावंसं वाटलं, पण रीत मोडवेना. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली.

"शरणार्थ, महादेवी," ते म्हणाले, आमच्यात नमस्कार करतात तसं.

दीड तास मी नुसती तार छेडत उभी होते.

संध्याकाळी पंगतीत हुग्गी (गव्हाची गुळाची खीर) होती. आप्पा माझ्यासमोरच बसले. दोन घास झाल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पुढल्या साली येळेवर ये. माझे गुडघे दुखायलेत."

परतताना नांदेडला मॅनेजरचा निरोप आला. पुढच्या वर्षी नेमक्या सप्ताहाच्याच आठवड्यात दुबईला मोठा कार्यक्रम ठरत होता. मला बसमधल्या मावशी आठवल्या. गावात या खेपेलाही माझं गाणं कुणी ऐकलं नव्हतं. पण नऊ वर्षं तिथे माझी जागा धरून कुणीतरी उभं होतं, आणि मी मात्र टाळ्यांसाठी देशोदेशी हिंडत होते.

मी मॅनेजरला लिहिलं, 'त्या आठवड्यात जमणार नाही. दुपारी दोन ते चार माझा पहारा आहे.' खाली नाव घातलं, पूर्ण. महादेवी.