इनचार्ज बाई

एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीवर वीस वर्षं काढली की किस्से साचत जातात. पंख्याच्या पात्यावर धूळ बसते ना, तसे. पंखा फिरत असतो तोवर काही दिसत नाही. नल्लकुंटा मोहल्ल्यात आम्ही चार-पाच रिटायर मंडळी संध्याकाळी जमतो, तेव्हा हटकून फर्माईश होते, "डॉक्टरसाहेब, तुमच्या शाळेचं काहीतरी होऊन जाऊ द्या!" मी सांगतो. सगळे हसतात. हल्ली मात्र सांगताना धाकधूक होते. इतकी वर्षं मी भलत्याच जागी हसवत आलो असेन की काय?

शाळा म्हणजे चिक्कडपल्लीची आमची छोटी मराठी शाळा. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, पीएच.डी. आहे म्हणून मला चिटणीस केलेलं. अध्यक्ष वकीलसाहेब, जुन्या घराण्यातले. आणि कुमुदबाई, गणिताच्या शिक्षिका, सगळ्यांत सीनियर. नव्वद सालानंतर लवकरच मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि नवे मिळेपर्यंत बाईंना इनचार्ज केलं.

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे!" वकीलसाहेब म्हणाले.

बाई अकरा वर्षांनी निवृत्त झाल्या. इनचार्ज म्हणूनच!

*

पहिल्याच दिवशी वकीलसाहेबांनी बजावलं, "बाई, ती खुर्ची नव्या साहेबांची. तेवढी मोकळी ठेवा."

बाई टेबलाच्या अलीकडे, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून शाळा चालवू लागल्या. पण ड्रॉवर पलीकडच्या बाजूला. शिक्का हवा, घाला वळसा. पॅड हवं, घाला वळसा. दाखल्यांचे दिवस आले की दिवसभर प्रदक्षिणा!

शिपाई मोईनभाई एकदा न राहवून म्हणाले, "मॅडम, इत्ते में तो आप नामपल्ली स्टेशन जाके आ जाते थे!"

बाई हसल्या. मीही हसलो. खुर्ची तिथंच राहिली.

*

इन्स्पेक्शनला एक अधिकारी आले. बाईंनी सगळी रजिस्टरं समोर ठेवली.

"वो सब ठीक है मॅडम, साब किधर हैं?"

"मैं ही इनचार्ज हूँ."

"हौ, हौ. मगर साब?"

दिवसभर बाईंनी त्यांना वर्ग दाखवले, प्रयोगशाळा दाखवली, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. निघताना फाटकाशी आमचे ड्रिलचे सर भेटले. सहा फूट उंची, भरघोस मिशा, गळ्यात शिट्टी. अधिकाऱ्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "बहुत अच्छा इस्कूल चला रहे आप!"

ड्रिलचे सर फार भला माणूस. ते म्हणाले, "थँक्यू सर!"

*

मुख्याध्यापक मिळत नव्हते असं नाही. तीन मिळाले. प्रत्येक जण गेला की बाई पुन्हा इनचार्ज. पण दिवस कसे होते बघा! जिकडे तिकडे कोचिंग कॉलेजं, कॉम्प्युटरचे क्लास. पहिले सर दहा महिन्यांत कोचिंगला गेले. तिथं घरून न्यायला गाडी यायची. दुसऱ्यांनी कॉम्प्युटरची इन्स्टिट्यूट काढली. तिसरे मुलाकडे अमेरिकेला गेले ते गेलेच.

प्रत्येक निरोप समारंभाची शाल बाईच आणायच्या, मानपत्रही त्याच लिहायच्या. दुसरे सर भाषणात गहिवरून म्हणाले, "कुमुदबाईंच्या हाती शाळा आहे, म्हणून मी निर्धास्तपणे जातोय!"

टाळ्या कडाडल्या. वकीलसाहेबही मनापासून टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता माझ्याकडे झुकले, "मुख्याध्यापकाची जाहिरात उद्याच द्या."

मी दिली.

*

आमच्याकडे सतरापैकी तेरा शिक्षक बायका. एका मीटिंगमध्ये मी घाबरत घाबरत विषय काढला, बाईंनाच कायम का करू नये?

वकीलसाहेब म्हणाले, "अहो, बाई सज्जन आहेत. पण कडकपणा नको का? बाया मऊ पडतात!" मी तसं इतिवृत्तात लिहिलं.

पुढच्या महिन्यात वकीलसाहेबांचा नातू कॉपी करताना सापडला. बाईंनी पेपर काढून घेतला, शून्य दिलं. वकीलसाहेबांनी घरी रदबदलीसाठी बोलावलं, तर बाईंनी निरोप पाठवला, "शाळेच्या वेळात शाळेत भेटा."

त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये वकीलसाहेब कडाडले, "बाई फार कडक आहेत! अशा माणसाच्या हाती शाळा कशी द्यायची?"

मी तेही लिहिलं. दोन्ही पानं माझ्याच अक्षरात आहेत. सुंदर अक्षर आहे, सगळे म्हणतात.

*

बाईंनी अर्ज केला तो एकदाच, तिसऱ्या सरांच्या निवडीच्या वेळी. द्यायला माझ्याच घरी आल्या. म्हणाल्या, "सर, आठ वर्षं झाली. एकदा कुणीतरी माझंही नाव पुकारावं, एवढंच."

मी म्हणालो, "मी आहे ना."

मुलाखती शाळेतच झाल्या. इनचार्ज म्हणून सगळी तयारी अर्थातच बाईंची. पाच खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला, उमेदवारांची यादी केली. दारात उभ्या राहून एकेकाला आत सोडत होत्या.

आत वकीलसाहेब, शिक्षण खात्याचे एक प्रतिनिधी, आणि तज्ज्ञ म्हणून मी.

तिघे पुरुष होऊन गेले. मग दाराशी बाईंनी यादी वाचली, खणखणीत आवाजात, "क्रमांक चार. कुमुद देशपांडे." आणि स्वतःच आत आल्या. दार लावलं. यादी टेबलावर ठेवली.

"बसा, बसा! आज तुम्ही पाहुण्या!" वकीलसाहेब हसले. "आम्ही काय विचारणार बाईंना? डॉक्टरसाहेब, तुम्हीच विचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. बाईसुद्धा. मी रात्रभर जागून प्रश्न काढले होते. वेळापत्रकाचा, गळतीचा, इंग्रजी शाळांकडे जाणाऱ्या मुलांचा. एकेक प्रश्न असा, की उत्तर ऐकून खात्याच्या माणसाला मान डोलवावीच लागली असती. कागद खिशात होता. हात खिशापर्यंत गेलाच नाही. वकीलसाहेब घड्याळ बघत होते. त्या काळी बायकांना विचारायचा एक ठरलेला प्रश्न असे, तोच तोंडातून निघून गेला.

"बाई, मिस्टरांची काही हरकत नाही ना?"

बाई म्हणाल्या,

"सर, यांना जाऊन तीन वर्षं झाली. तुम्ही आला होतात."

मग त्या उठल्या, टेबलावरची यादी उचलली आणि दार उघडून त्याच आवाजात म्हणाल्या, "क्रमांक पाच. आत या."